फ्राक्टुरवरचा आळ

काळ्याभोर, टोकदार, वळणाच्या जागी मोडणाऱ्या रेषांचे जे जुने युरोपीय अक्षर आहे त्याला ब्लॅकलेटर किंवा गॉथिक म्हणतात; फ्राक्टुर हे त्याचेच जर्मनीत रुळलेले एक वळण. ते दिसले की सुशिक्षित वाचकाच्या मनात दोन निकाल तयारच असतात. पहिला, हे नाझींचे अक्षर. दुसरा, हे वाचण्यासाठी नाहीच. बिअरच्या बाटलीवर, प्रमाणपत्राच्या मथळ्यात, इंग्रजी वर्तमानपत्राच्या नावात किंवा हेवी मेटल बँडच्या तबकडीवर शोभेपुरते वापरायचे. अक्षररचना शिकणारी मुले हे दोन्ही निकाल लवकरच ऐकतात आणि पुढे तेच सांगत राहतात. मला हे दोन्ही अमान्य आहेत. त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तर आणखीच अस्वस्थ करणारा आहे. जर्मनीत ब्लॅकलेटर आज शोभेपुरते उरले, याचे सर्वांत मोठे कारण नाझी राजवटीनेच काढलेले एक परिपत्रक आहे.

आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा जर्मनीत ‘जर्मन अक्षरा’चा मोठा गजर झाला. त्याच सुमारास टाइप फाउंड्र्यांनी नव्या धाटणीचे टाइप बाजारात आणले. माक्स बिट्रोफचा ‘एलेमेंट’ आणि एरिख मायरचा ‘टानेनबर्ग’ ही त्यांतली ठळक नावे. या टाइपांत जुन्या अक्षराची शेपटी, केसासारखी बारीक रेघ, मोठ्या अक्षरांचे झोके हे सगळे छाटलेले होते. उरले होते सरळ, जाड, कवायतीला उभे राहिल्यासारखे दांडे. छपाईच्या धंद्यातल्या जर्मनांनी त्यांना पुढे सैनिकी बुटांवरून चेष्टेचे नाव दिले, ते योग्यच होते. पोस्टरांवर, बर्लिनच्या लोकल स्थानकांच्या पाट्यांवर, पक्षाच्या कागदांवर हे अक्षर लोकांनी पाहिले आहे. आजही अतिउजव्या टोळ्यांच्या कपड्यांवर आणि झेंड्यांवर ते असते. तेव्हा ज्याच्या आजोबांनी ती राजवट भोगली, त्याला या अक्षराची शिसारी येत असेल तर तो चुकला असे मी म्हणणार नाही. माझा वाद त्या शिसारीशी नाही. तिच्यावरून इतिहासाचा निवाडा करणाऱ्यांशी आहे.

३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमान याने हिटलरच्या वतीने एक परिपत्रक काढले. ते प्रसिद्धीसाठी नव्हते. त्यातला आशय असा : तथाकथित गॉथिक अक्षराला जर्मन अक्षर मानणे चूक आहे, ते खरे तर ‘श्वाबाखर ज्यू अक्षर’ आहे, जर्मनीतल्या ज्यूंनी पुढे जशी वर्तमानपत्रे ताब्यात घेतली, तसे मुद्रणकला आली तेव्हा छापखाने ताब्यात घेतले आणि हे अक्षर रूढ केले. म्हणून यापुढे आंटिक्वा, म्हणजे आपण ज्याला रोमन टाइप म्हणतो, तेच ‘सामान्य अक्षर’ समजावे. शाळांची पुस्तके, सरकारी कागद, रस्त्यांच्या पाट्या सगळे बदलावे. हे परिपत्रक ज्या कागदावर टंकलिखित केले होते त्याच्या माथ्यावर पक्षाचे नाव ब्लॅकलेटरमध्येच छापलेले होते. ज्याला ज्यू अक्षर ठरवले त्याच अक्षराच्या सहीशिक्क्याखाली ही बंदी निघाली.

परिपत्रकातला इतिहास धादांत खोटा आहे. श्वाबाखर हे वळण पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन छापखान्यांत रुळले. त्या काळी ज्यूंना कारागिरांच्या संघांत प्रवेशच नव्हता, आणि न्यूरेंबर्गसारख्या मुद्रणाच्या मोठ्या केंद्रातून तर शतक संपता संपता त्यांना हाकलूनच लावले गेले. छापखाने ताब्यात घ्यायचे कुणी आणि कसे? खरे कारण परिपत्रकातच डोकावते. परदेशांत जाणारी किंवा जायला हवी असलेली वृत्तपत्रे आणि मासिके आधी बदलावीत, असे त्यात सांगितले आहे. अर्धा युरोप जिंकला होता. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमधल्या माणसाला हुकूम वाचता आला नाही तर हुकूम कसला? हिटलरला स्वतःलाही हे अक्षर फारसे प्रिय नव्हते. १९३४ सालच्या न्यूरेंबर्ग अधिवेशनातच त्याने गॉथिक अक्षरांत पाट्या रंगवणाऱ्या जुनाट भक्तांची हेटाळणी केली होती.

या परिपत्रकाचा उल्लेख हल्ली पुष्कळ जण करतात आणि लगेच दुसऱ्या टोकाला जातात : ‘म्हणजे फ्राक्टुरवर नाझींनी बंदीच घातली होती, तेव्हा ते निर्दोष.’ हेही मला पटत नाही. १९३३ ते १९४० या वर्षांत राजवटीने हे अक्षर मिरवले, हे पुसून कसे टाकता येईल? मला तर १९४१ पेक्षा १९३७ हे साल महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी गोबेल्सच्या प्रचारखात्याने ज्यू प्रकाशकांना गॉथिक टाइप वापरायला मनाई केली. ते जर्मनांचे अक्षर, ज्यूंनी त्याला हात लावू नये, हे कारण. चार वर्षांनी तेच अक्षर ज्यूंचे म्हणून सगळ्यांनाच मना झाले. हे दोन हुकूम शेजारी ठेवून वाचावेत. त्यांत अक्षराच्या स्वभावाबद्दल एक शब्दही खरा नाही. सत्तेला त्या त्या वेळी ज्या माणसांना वगळायचे होते त्यांच्या पायरीवर अक्षराला नेऊन उभे केले, इतकेच. आज जेव्हा कुणी भाबडेपणाने ‘हे नाझी अक्षर’ म्हणतो, तेव्हा तो १९३७ चाच दावा नकळत मान्य करत असतो.

कारण हे अक्षर वापरणाऱ्यांची यादी त्या दाव्यात बसतच नाही. १८४८ साली लंडनमध्ये छापलेला कम्युनिस्ट जाहीरनामा फ्राक्टुरमध्ये आहे. जर्मन समाजवादी पक्षाचे मुखपत्र ‘फोरवेर्ट्स’ फ्राक्टुरमध्ये निघत असे, आणि १९३३ साली नाझींनी ते बंद केले. कांटचा शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेवरचा ग्रंथ १७८१ साली लोकांच्या हाती आला तो याच अक्षरांत. उलट, जर्मन भाषेचा सर्वांत मोठा अभिमानी म्हणावा असा याकोब ग्रिम या अक्षरावर तुटून पडे. त्याने आणि त्याच्या भावाने १८५४ पासून काढायला घेतलेला महाकोश रोमन टाइपात आहे. आणि बिस्मार्क रोमन टाइपात छापलेली जर्मन पुस्तके वाचायला नकार देई. राष्ट्राभिमानी दोन्ही बाजूंना, क्रांतिकारकही दोन्ही बाजूंना. १९११ साली शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून जुने वळण काढावे असा प्रस्ताव जर्मन संसदेपुढे आला, कडाक्याची चर्चा झाली आणि तो फेटाळला गेला. तेव्हाची ती भांडणे आज वाचली तर कळते की कोण कुठल्या बाजूला उभा राहील हे पक्षावरून ओळखता येत नव्हते.

त्याच संसदेच्या इमारतीवर ‘जर्मन जनतेस’ ही अर्पणाक्षरे आहेत. ती १९१६ साली लागली. पेटर बेरेन्स या वास्तुशिल्पकाराने फ्राक्टुर आणि त्याहून जुन्या गोल वळणाचा मेळ घालून ती रेखाटली, आणि शत्रूकडून जिंकलेल्या जुन्या तोफांच्या धातूतून ती ओतली बर्लिनच्या लोएवी कुटुंबाच्या ओतकामाच्या कारखान्याने. लोएवी ज्यू होते. त्या कुटुंबातल्या काही जणांचा पुढे नाझींनी बळी घेतला.

बर्टोल्ड वोल्पेचे उदाहरण मला आणखी जवळचे वाटते. ओफेनबाखचा हा ज्यू तरुण रुडोल्फ कोखचा शिष्य. कोख म्हणजे विसाव्या शतकात ब्लॅकलेटरला नवा प्राण देणारा माणूस. त्याच्या पेनातून उतरलेले जर्मन वळण पाहिले की अक्षर दाट असूनही मोकळा श्वास घेऊ शकते यावर विश्वास बसतो. वोल्पेला १९३५ साली देश सोडून इंग्लंडला यावे लागले. तिथे त्याने काय केले? ‘आल्बर्टस’ हा रोमन टाइप केला, तो जगभर गाजला; पण त्याच वर्षांत मोनोटाइप कंपनीसाठी ‘जाक्सेनवाल्ड’ नावाचा एक ब्लॅकलेटरही रेखाटला. ज्यांनी त्याला हाकलले त्यांच्या हवाली गुरूचे अक्षर करून मोकळे व्हायला तो तयार नव्हता.

अमेरिकेतले आमिश तर कट्टर अहिंसावादी. शस्त्र हाती घेत नाहीत, सैन्यात जात नाहीत, सरकारी शपथ घेत नाहीत. त्यांचे ‘आउसबुंड’ हे सोळाव्या शतकातले भजनांचे पुस्तक आजही फ्राक्टुरमध्ये छापले जाते आणि रविवारच्या उपासनेत त्यातून गायले जाते. आणि आपल्या इथली गोष्ट सांगायची तर पुण्यामुंबईत एम.एस्सी.ला गणित शिकणारे मूल ली बीजगणित फळ्यावर लिहिताना फ्राक्टुरमधला लहान ‘जी’ काढते, आयडियलसाठी फ्राक्टुरमधला ‘पी’. आयडियलांच्या आधुनिक सिद्धान्ताचा पाया ज्या १९२१ च्या निबंधाने घातला, त्यात ही गॉथिक अक्षरे आहेत आणि तो एमी नोएटरचा आहे. ज्यू असल्यामुळे १९३३ साली तिला ग्योटिंगेन विद्यापीठातून काढून टाकले. हे अक्षर नाझींचे असेल तर मग ते नोएटरचे आधी होते.

आता दुसरा निकाल : हे वाचता येत नाही.

इथे पहिली चूक होते ती सगळ्या ब्लॅकलेटरला एकाच पोत्यात घालण्याची. टेक्स्टुरा, रोटुंडा, श्वाबाखर आणि फ्राक्टुर ही चार वेगळी कुळे आहेत. टेक्स्टुरा सर्वांत दाट. बाराव्या शतकाच्या सुमारास उत्तर फ्रान्सकडच्या लेखनिकांनी जुन्या गोलसर वळणाला दाबून उभे केले, तेव्हा त्याचा पाया घातला गेला. चर्मपत्र महाग होते आणि ओळीत अधिक शब्द बसवायचे होते. दांडा जितका जाड, दांड्यांमधली फट साधारण तितकीच; वर-खाली हिऱ्याच्या आकाराचे पाय. त्यामुळे एम, एन, यू, आय ओळीने आले तर कुंपणाच्या खुंटांची रांगच दिसते. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइन्झला छापलेले बेचाळीस ओळींचे बायबल या अक्षरांत आहे. ओळ कुठेही विरळ दिसू नये म्हणून त्याने जोडाक्षरे आणि संक्षेपचिन्हे धरून शेकडो वेगळे खिळे ओतले. रोटुंडा इटलीकडचे, गोलाईचे. श्वाबाखर रांगडे, रुंद. ल्यूथरचा १५२२ चा नवा करार याच वळणात लोकांपर्यंत पोहोचला. आणि फ्राक्टुर सर्वांत धाकटे. सम्राट माक्सिमिलियनच्या १५१३ च्या प्रार्थनापुस्तकातून आणि १५१७ च्या ‘टॉयरडांक’मधून ते आकाराला आले. त्यात ‘ओ’ एका अंगाने सरळ तर दुसऱ्या अंगाने गोल असतो, वर जाणारे दांडे टोकाला दुभंगतात, आणि मोठ्या अक्षरांचे सुरुवातीचे झोके असे की जर्मन लोक त्यांना हत्तीची सोंड म्हणतात. टेक्स्टुराच्या कुंपणात वाट काढण्यासाठीच हे सगळे केलेले आहे. तेव्हा ‘ब्लॅकलेटर दुर्बोध’ म्हणणाऱ्याने आधी सांगावे, कुठले?

दुसरी चूक सवयीला स्वभाव समजण्याची. ज्यांना मोडी येत नाही त्यांना पेशवे दफ्तरातला कागद म्हणजे मुंग्यांची रांग वाटते. पण कारकुनाला त्यात रोजचा हिशेब स्वच्छ दिसत होता. टाइपच्या क्षेत्रात झुझाना लिच्को या अभिकल्पकेने १९९० च्या सुमारास हे थेट मांडले, की माणूस जे सर्वाधिक वाचतो तेच त्याला सर्वांत चांगले वाचता येते. आणि पुरावा म्हणून तिने ब्लॅकलेटरचेच उदाहरण पुढे केले. तिचे म्हणणे पुस्तकांवरून पडताळता येते. इंग्लंडचे १६११ चे अधिकृत बायबल घ्या. मूळ मजकूर ब्लॅकलेटरमध्ये आहे आणि अनुवादकांनी अर्थासाठी पदरचे घातलेले शब्द लहान रोमन टाइपात. म्हणजे चर्चमध्ये मोठ्याने वाचायचे अक्षर काळे, आणि परके, वेगळे दिसावे असे अक्षर रोमन. साडेतीनशे-चारशे वर्षे जर्मनीतल्या शेतकऱ्याने, मोलकरणीने, शाळकरी पोराने फ्राक्टुरच वाचले. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, लाटव्हियापर्यंत ते चालले. हे सगळे लोक तीन-चार शतके डोळे फोडून घेत होते असे मानायचे का?

मी तर पुढे जाऊन म्हणतो की जर्मन भाषेसाठी फ्राक्टुर काही बाबतींत रोमनपेक्षा सरस होते. या भाषेत शब्दाला शब्द चिकटून लांबलचक समास होतात. फ्राक्टुरमध्ये ‘एस’ दोन : अवयवाच्या सुरुवातीला आणि मध्ये उंच, शेवटी गोल. त्यामुळे समास कुठे फोडायचा ते डोळ्याला कळते. ‘वाख-श्टूबे’ म्हणजे पहारेकऱ्यांची खोली, ‘वाक्स-टूबे’ म्हणजे मेणाची नळी; रोमन टाइपात दोन्हींचे स्पेलिंग तंतोतंत एक. फ्राक्टुरमध्ये पहिल्यात उंच ‘एस’ आणि दुसऱ्यात गोल, विषय संपला. मजकुरात भर द्यायचा तर तिरके अक्षर नव्हते. जुळारी खिळ्यांमध्ये जागा सोडून शब्द विरळ करत असे, मात्र ‘सीएच’, ‘सीके’, ‘टीझेड’ ही जोडाक्षरे तोडत नसे. परभाषेतला शब्द आला की तेवढा रोमनमध्ये. ही एक पूर्ण विचारांती घडलेली लेखनव्यवस्था होती. १९४१ मध्ये शाळांतून ती काढली आणि एका पिढीत तिचे वाचक संपले. आज बर्लिनमधला पंचवीस वर्षांचा मुलगा पणजीने ठेवलेले पुस्तक अडखळत वाचतो आणि तिच्या हातचे पत्र तर वाचूच शकत नाही. ‘शोभेचे अक्षर’ हा त्या अक्षराचा गुण नाही. त्याचे वाचक काढून घेतल्यावर जे उरले त्याचे ते वर्णन आहे.

इंग्लंडची वाट निराळी, हे मान्य केले पाहिजे. तिथे सतराव्या शतकात रोमनने पुस्तके हळूहळू जिंकली आणि ब्लॅकलेटर कायद्याच्या दस्तांत, मथळ्यांत, नावांत मागे उरले. कुणी हुकूम काढला नाही. म्हणून इंग्रजी जगातला त्याचा शोभेचा वापर अस्सल आणि जुना आहे, आणि त्यावर जर्मनीचा आळ घेणे दुहेरी अज्ञान आहे. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीवर ‘आम्ही लोक’ हे पहिले शब्द लेखनिकाने ठळक ब्लॅकलेटरमध्ये काढले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नाव त्याच कुळातले, १९६७ साली त्यापुढचा पूर्णविराम गेला, अक्षर राहिले. लंडनच्या ‘टाइम्स’ने मात्र १९३२ साली टाइपतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसनच्या आग्रहाने नवा रोमन टाइप घेताना जुने गॉथिक नावही उतरवले. लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वस्त्यांत भिंतीवर आणि अंगावर गोंदलेले ‘ओल्ड इंग्लिश’ आले ते प्रमाणपत्रांच्या आणि वर्तमानपत्रांच्या नावांच्या रुबाबातून. ज्यांना कुठलीच मोठी सही कधी मिळाली नाही त्यांनी ती स्वतःसाठी काढली. आपल्याकडच्या संगणकांवर ऑफिसच्या पॅकेजबरोबर येणारा, आणि शाळेच्या इंग्रजी प्रशस्तिपत्रांवर हमखास दिसणारा टाइपही हाच, इंग्रजी टेक्स्टुरा. त्याचा ‘टानेनबर्ग’शी काही संबंध नाही.

‘पण पाहणाऱ्याला एवढे कुठे कळते?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो गंभीर आहे. चिन्हाचा अर्थ कागदपत्रांतून ठरत नाही, पाहणाऱ्याच्या मनात ठरतो. माझे उत्तर असे की मग त्या मनात भेद करण्याची ताकद निर्माण करणे हेच अक्षरकाराचे काम आहे. आज एखाद्याने सभागृहाच्या पाटीसाठी तीसच्या दशकातला छाटलेला, कवायती टाइप निवडला तर मी त्याला तिथेच थांबवीन. तो टाइप एका विशिष्ट काळाच्या विशिष्ट मस्तीतून आला आहे. कोखचे वळण, अठराव्या शतकातले फ्राक्टुर किंवा जुना इंग्रजी टेक्स्टुरा निवडला तर तो काढून टाका म्हणायला माझ्याकडे कारण नाही. सगळेच टाकून दिले तर अतिउजव्या टोळ्यांना ते बिनविरोध मिळेल, आणि १९३७ साली जे हुकूम काढून जमले नाही ते आपल्या संकोचाने जमेल.

वापर करायचाच तर तो जाणून करावा. अख्खा शब्द मोठ्या अक्षरांत लावू नये. ती मोठी अक्षरे एकेकटी उभी राहण्यासाठी घडवलेली आहेत, ओळीने लावली तर कुणालाच वाचता येत नाहीत, आणि ‘वाचता येत नाही’ ही अर्धी तक्रार याच वापरातून आलेली आहे. शब्द थोडे असावेत, खिळे घट्ट बसवावेत, कारण या अक्षराचे सौंदर्य काळ्या-पांढऱ्याच्या सारख्या विणीत आहे. बोरूने कित्ता गिरवलेल्या माणसाला हे लगेच उमजेल : कलम तिरपे धरले की जाड-बारीक आपोआप येते, आणि पांढरी फट ही काळ्या दांड्याइतकीच काळजीने काढावी लागते. जर्मन शब्द असेल तर उंच आणि गोल ‘एस’ आपापल्या जागी असावेत. जर्मनीत फिरताना कितीतरी खानावळींच्या पाट्यांवर आज सगळीकडे एकच गोल ‘एस’ लावलेला दिसतो, कारण रंगवणाऱ्याला दुसरा माहीतच नसतो. ते मला नेहमी खटकते. तो उंच ‘एस’ बहुतेक चांगल्या संगणकीय फ्राक्टुर टाइपांत दिलेला असतो, फक्त शोधून लावावा लागतो.